काळ्या पडद्याची कैफियत

वर्तमानपत्रांच्या लाकडी दांड्या जेथे अजून भिंतीला टांगलेल्या असतात आणि पुस्तकांच्या देवघेवीची नोंद नुकती कोठे संगणकावर होऊ लागली आहे, अशा तालुक्याच्या गावच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात, गेल्या हिवाळ्यात दोन संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याचे काम माझ्याकडे आले. कारण उघड होते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची तजवीज आणि ठराविक पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. आणि ग्रंथालयाचे दोन्ही संगणक धडधाकट असले तरी त्या अटींत बसत नव्हते. सबब त्यांवर लिनक्स मिंट बसवावी असे ठरले. पहिल्या संगणकावरील काम निर्विघ्न पार पडले, पेनड्राइव्ह काढून घेण्याची सूचना आली, संगणक पुन्हा सुरू झाला, उत्पादकाचे बोधचिन्ह क्षणभर झळकले, आणि त्यानंतर पडदा जो काळा झाला तो काळाच राहिला. ग्रंथपाल बाई पाठीमागे उभ्या होत्या. "सर, गेला का हो?" एवढेच त्या म्हणाल्या, पण घरातल्या आजारी माणसाविषयी विचारावे तसा त्यांचा स्वर होता, आणि तो मला आजही ऐकू येतो.

"गेला नाही बाई," मी म्हणालो, "त्याला काय झालंय ते आपण त्यालाच विचारू."

हे उत्तर केवळ धीर देण्यासाठी नव्हते. नवी प्रणाली बसवल्यानंतर पडदा काळा पडला, अक्षरे फुगली, चित्र पसरले किंवा कडा कापल्या गेल्या, की बहुतेक माणसे दोनपैकी एक मार्ग धरतात: सगळे पुसून प्रणाली पुन्हा बसवतात, किंवा यंत्र दुरुस्तीच्या दुकानात नेऊन टाकतात. पहिल्या मार्गाने तोच दोष त्याच जागी पुन्हा उभा राहतो, आणि दुसऱ्या मार्गाने पुष्कळदा निरोगी यंत्राचे सुटे भाग बदलले जातात. वस्तुतः अशा प्रसंगी विचारायचा पहिला प्रश्न 'काय बिघडले?' हा नसून 'शेवटचा उजेड कोठे दिसला?' हा आहे. कारण संगणक सुरू होताना पडद्याचा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात जात असतो, आणि अंधार ज्या सांध्यावर सुरू होतो तो सांधाच आपला अपराधी कोण ते सांगतो.

हे हस्तांतर कसे होते ते पाहावे. बटण दाबताच प्रथम मदरबोर्डवरची मूळ आज्ञावली, जिला पूर्वी बायोस म्हणत आणि आता बहुधा यूईएफआय म्हणतात, पडद्याचा ताबा घेते आणि उत्पादकाचे बोधचिन्ह दाखवते. ते दिसले की मॉनिटर, त्याची वीज, केबल आणि ग्राफिक कार्ड ही चारही निदान जिवंत आहेत, असे समजावे. त्यानंतर लिनक्समध्ये ग्रब नावाची एक लहानशी आज्ञावली येते. ती कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारते, किंवा एकच प्रणाली असल्यास काही न विचारता पुढे जाते. ग्रबची यादी दिसली म्हणजे डिस्कही वाचली जात आहे. मग प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो स्मृतीत उतरतो, ग्राफिक कार्डाची ओळख पटवून त्याचा ड्रायव्हर कामाला लावतो, आणि सर्वांत शेवटी नाव व पासवर्ड विचारणारा पडदा उघडतो. बोधचिन्हाच्याही आधीपासून अंधार असेल तर नव्या प्रणालीला दोष देण्यात अर्थ नाही. केबल, मॉनिटरवरचे इनपुटचे बटण आणि वीजजोडणी तपासावी. पासवर्ड दिल्यानंतर अंधार झाला तर कार्डापेक्षा डेस्कटॉपच्या मांडणीत दोष असण्याचा संभव अधिक. आमचा अंधार मात्र बोधचिन्ह मावळल्यावर आणि पासवर्डाचा पडदा उघडण्यापूर्वी, म्हणजे कर्नलच्या अमलात सुरू झाला होता.

तेवढ्यात आणखी एक साधी परीक्षा करता येते. कीबोर्डावरची कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा लहानसा दिवा दर दाबण्याला लागत-विझत असेल, तर आत प्रणाली जागी आहे, हुकूम ऐकत आहे, फक्त तिला आपले तोंड दाखवता येत नाही. मी कळ दाबली. हिरवा ठिपका लागला, पुन्हा दाबली, विझला. बाईंनी स्वतः दोनदा दाबून पाहिले, आणि मग त्या खुर्चीवर बसल्या.

आता हा सांधा इतका नाजूक का, हे समजून घेतले पाहिजे. ग्राफिक कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांना एकमेकांची भाषा येत नाही. ड्रायव्हर हा त्यांच्यामधला दुभाषी. जुन्या प्रणालीचा दुभाषी त्या प्रणालीबरोबर पुसला गेला. नवी प्रणाली आपल्या पदरचा आणते, आणि तो त्या विशिष्ट कार्डाच्या बोलीत कितपत तयार आहे यावर सारे अवलंबून राहते. पूर्वी लिनक्समध्ये पडद्याचे रेझोल्यूशन आणि गती ठरवण्याचा अधिकार कर्नलच्या बाहेरील चित्रव्यवस्थेकडे असे. मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२९ या कर्नलपासून, प्रथम इंटेलच्या ग्राफिक्ससाठी, तो अधिकार खुद्द कर्नलकडे येऊ लागला. ही व्यवस्था फार सोयीची आहे, सुरुवातीची लुकलुक तिच्यामुळे गेली. परंतु त्यामुळेच, ड्रायव्हर अपुरा असेल तर कर्नल अगदी आरंभीच कार्डाला न झेपणारा हुकूम देतो, आणि पुढचा सारा कारभार अंधारात चालतो.

यावर जो तोडगा आहे त्याचे नाव 'नोमोडसेट', इंग्रजी लहान अक्षरांत एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, मध्ये जागा न सोडता. कर्नलला दिलेला हा एक निरोप आहे: पडद्याची मांडणी तू बदलू नकोस, मूळ आज्ञावलीने जशी लावून दिली आहे तशीच वापर. लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवर 'कम्पॅटिबिलिटी मोड' आणि उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या पेनड्राइव्हवर 'सेफ ग्राफिक्स' असा जो दुसरा पर्याय दिसतो, त्याच्या पोटात मुख्यतः हाच निरोप असतो. त्या संगणकात एका देणगीदाराने दिलेले, बरेच जुने असे वेगळे ग्राफिक कार्ड असल्यामुळे मी स्थापनेच्या वेळी तोच पर्याय निवडला होता. पण पेनड्राइव्हवर दिलेला निरोप डिस्कवर बसलेल्या प्रणालीपर्यंत आपोआप पोहोचत नाही, आणि पुष्कळ माणसे नेमकी येथे फसतात: स्थापना होताना पडदा स्वच्छ दिसत होता, मग आता काय झाले, असे त्यांना वाटते. तो निरोप पहिल्या सुरुवातीला पुन्हा एकदा, हाताने द्यावा लागतो.

त्याची रीत अशी. संगणक सुरू करून बोधचिन्ह दिसताच एस्केपची कळ एकदा दाबावी. जुन्या बायोसच्या यंत्रावर तिच्याऐवजी शिफ्टची कळ दाबून धरावी. ग्रबची यादी उघडते. पहिल्या ओळीवर असताना 'ई' ही कळ दाबली की आज्ञांचा एक लहान मसुदा दिसतो, त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी एक लांब ओळ असते, आणि तिच्या शेवटाकडे बहुधा 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. त्यांच्यापुढे एक जागा सोडून नोमोडसेट लिहावे आणि एफ-१० दाबावे. हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच टिकतो, मूळ मसुद्याला धक्का लागत नाही. म्हणून चुकीचे अक्षर पडले तरी भिण्याचे कारण नाही, बंद करून पुन्हा सुरू केले की मसुदा पूर्ववत होतो. बाईंनी वहीत त्या नऊ अक्षरांची नोंद करून घेतली, मी ती टाइप केली, आणि काही सेकंदांत ठोकळेबाज परंतु पूर्ण असा डेस्कटॉप पडद्यावर आला.

येथेच थांबण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. नोमोडसेट ही मलमपट्टी आहे. तिच्या अमलात ग्राफिक कार्ड जवळजवळ बेकार बसते आणि चित्र रंगवण्याचा सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. व्हिडिओ अडखळतो, खिडक्या सरकवताना मागे रेघोट्या राहतात, रेझोल्यूशन बदलू पाहता बदलत नाही. याचे कारण आकड्यांतच आहे. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, आणि सेकंदाला साठ वेळा चित्र ताजे करायचे म्हटले तर दर सेकंदाला १२,४४,१६,००० बिंदूंचा हिशेब होतो. असल्या कामासाठी वेगळा कारागीर नेमलेला असताना त्याला घरी बसवून ठेवणे हा अपव्यय आहे. म्हणून उजेड येताच पहिले काम हे की इंटरनेट जोडून ड्रायव्हर मॅनेजर उघडावा (उबंटूत त्याला ॲडिशनल ड्रायव्हर्स म्हणतात), आणि तो ज्याच्यापुढे 'शिफारस केलेला' असे लिहील तोच ड्रायव्हर बसवावा. इंटेल आणि एएमडी यांच्या बहुतेक ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे तेथे वेगळे काही बसवण्याची गरज सहसा पडत नाही. एनव्हीडियाच्या कार्डांची कथा वेगळी आहे. त्यांच्यासाठी नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांनी, कार्डांच्या वर्तनाचे निरीक्षण करून त्यावरून उलट अनुमान बांधत, वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने रचला आणि तो २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमध्ये दाखल झाला. कंपनीने आपल्या कर्नलमधील भागाचा मुक्त अवतार प्रसिद्ध केला तो मे २०२२ मध्ये, आणि तोही नव्या पिढ्यांच्या कार्डांपुरता. ज्यांना कोणी नकाशा दिला नाही अशा माणसांनी पायवाट तुडवून तुडवून रस्ता केला, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्या वाटेवर एखादा खड्डा लागला तर तो त्यांच्या हलगर्जीपणाचा मानू नये.

ड्रायव्हर बसवल्यानंतरही अंधार किंवा ठोकळेबाज चित्र कायम राहिले, तर सिक्युअर बूटचा विचार करावा. ज्यावर ओळखीची सही नाही असा कोणताही भाग कर्नलमध्ये शिरू द्यायचा नाही, असा या व्यवस्थेचा दंडक आहे. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर आपल्याच संगणकावर तयार झालेला असेल तर त्याच्यावरच्या सहीची नोंद आपल्याला करून द्यावी लागते: ड्रायव्हर बसवताना एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा उघडून 'एनरोल एमओके' असा पर्याय दाखवतो. तो पडदा थोडेच सेकंद थांबतो. काहीतरी बिघडले असे समजून माणसे त्याकडे दुर्लक्ष करतात, तो निघून जातो, ड्रायव्हर दाराबाहेर राहतो, आणि पुढे आठवडाभर भलतीकडेच शोध चालतो. निळा पडदा दिसताच कोणतीही कळ दाबून आत जावे, एनरोल निवडावे, तोच पासवर्ड द्यावा. काम तेवढेच आहे.

दुसऱ्या संगणकाची तक्रार निराळी होती, आणि माझ्या मते अधिक बोधक. तेथे अंधार नव्हता. सारे दिसत होते, पण बेढब. १९२० गुणिले १०८० च्या मॉनिटरवर प्रणाली १०२४ गुणिले ७६८ एवढेच रेझोल्यूशन देत होती आणि यादीत त्याहून मोठा पर्याय नव्हता. सोळास नऊ या रुंद प्रमाणाच्या पडद्यावर चारास तीन या प्रमाणाचे चित्र ताणून बसवल्यामुळे प्रत्येक वस्तू उंचीच्या मानाने एक-तृतीयांश अधिक रुंद झाली होती. घड्याळाची वाटोळी तबकडी अंड्यासारखी दिसत होती. मराठी मजकुराची दशा अधिक वाईट होती. ७६८ ओळींचे चित्र १०८० ओळींवर पसरताना एका ओळीला दीड ओळही पुरती वाट्याला येत नाही, त्यामुळे आपल्या लिपीचा कणा असलेली शिरोरेषा कोठे दोन बिंदू जाड तर कोठे पुसट राखाडी होते. पुस्तकांच्या यादीतला 'ष' आणि 'प' वेगळे ओळखायला बाईंना डोळे बारीक करावे लागत होते. ज्या संगणकावर दिवसभर देवनागरी वाचायची आहे, त्याबाबत 'दिसतंय ना, चालेल' असे म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

या दोषाचे मूळ मॉनिटरच्या ओळखपत्रात असते. प्रत्येक आधुनिक मॉनिटरच्या पोटात ईडीआयडी नावाची एक लहान नोंद असते. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये तिचा नमुना ठरवून दिला. तिचा मूळ तुकडा अवघा १२८ बाइटांचा. पहिले आठ बाइट खुणेचे: आरंभी शून्य, मग सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. त्यांच्यापुढे निर्मात्याची तीन अक्षरे, नमुन्याचा क्रमांक, मॉनिटर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली तयार झाला ते, पडद्याची रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, आणि कोणकोणती रेझोल्यूशने पेलतील त्यांची माहिती. शेवटचा बाइट ताळ्याचा: १२८ बाइटांची बेरीज २५६ ने भागली असता बाकी शून्य उरलीच पाहिजे, नाही तर कागद खोटा. संगणक सुरू होताना कर्नल हे ओळखपत्र मागवतो आणि त्याप्रमाणे पडदा मांडतो. ते आलेच नाही तर तो धाडस करीत नाही. कोणत्याही मॉनिटरला झेपेल असे १०२४ गुणिले ७६८ धरून चालतो. आमच्या यंत्रावर दिसत होता तो नेमका हाच आकडा, आणि त्यावरून एवढे निश्चित झाले की ओळखपत्र वाटेत हरवत होते.

वाट म्हणजे केबल. तो मॉनिटर जुन्या व्हीजीए जोडणीचा होता. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेल्या या जोडणीत तीन ओळींत पाच-पाच अशा पंधरा पिना असतात, आणि त्यांपैकी बारावी आणि पंधरावी यांच्यातून ओळखपत्राची ने-आण होते. लाल, हिरवा, निळा हे रंग इतर पिनांतून जात असल्यामुळे या दोन पिना नसल्या तरी चित्र दिसते, आणि म्हणूनच केबलवर कोणाचा संशय जात नाही. हलक्या प्रतीच्या केबलींतून त्या गाळलेल्याही आढळतात. मी केबल उपसून टोक खिडकीकडे धरले. तिसऱ्या ओळीत, ११ ते १५ च्या रांगेत, पाचांऐवजी तीनच पिना होत्या.

पण मग विंडोज असताना पडदा ठीक कसा होता? हा प्रश्न बाईंनीच विचारला, आणि तो अगदी रास्त होता. चौकशीत उलगडले ते असे की प्रणाली बसवण्यासाठी संगणक आतल्या खोलीत नेला होता, परत आणून जोडताना मूळ केबल पलीकडच्या टेबलावरच राहिली आणि शिपायाने कपाटातली दुसरी लावली. त्या दिवशी बदललेल्या गोष्टी दोन होत्या, आणि आम्ही दोघेही संशय घेत होतो तो एकीवर. नवी प्रणाली बसवताना तारा निघतात, टेबल सरकते, मॉनिटर बदलतो. त्या सगळ्याची रुजवात घेतल्याशिवाय सॉफ्टवेअरला हात घालू नये. वेगळे ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकात तर केबल चुकून मदरबोर्डच्या खोबणीत खोचली जाणे ही नित्याची गोष्ट आहे. कार्डाच्या खोबणी पाठीमागे खालच्या बाजूस आडव्या असतात, तेथेच ती लावली पाहिजे.

१३६६ गुणिले ७६८ चे पडदे वापरणाऱ्यांना एक सूक्ष्म अडचण येते. ओळखपत्रातील संक्षिप्त नोंदींत रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते, आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. म्हणून बाहेरून जोडलेल्या अशा पडद्यांवर कधी १३६० तर कधी १३६८ असा आकडा दिसतो आणि अक्षरे किंचित धूसर वाटतात. निर्मात्याने सविस्तर नोंद नीट भरलेली असेल तर ही अडचण उद्भवत नाही.

दूरचित्रवाणीचा संच मॉनिटर म्हणून जोडला असता चारी कडा कापल्या गेल्या, खालची पट्टी अर्धी गायब झाली, तर दोष संगणकात शोधू नये. संचाच्याच चित्रविषयक मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करावा. मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' असा इशारा आला तर गती किंवा रेझोल्यूशन त्याच्या मर्यादेबाहेर गेले आहे. कमी रेझोल्यूशनात सुरू करून ६० हर्ट्‌झ ठरवावे. विंडोज ११ नव्याने बसवल्यावर सारे ठोकळेबाज दिसले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असे नाव आढळले, तर तेथेही खरा दुभाषी अजून आलेला नाही असा अर्थ. विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्यावे, नाही तर कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. चालू काम करताना विंडोजचा पडदा एकाएकी काळा झाला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्याने ग्राफिकचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामे बुडत नाहीत.

लॅपटॉपचा काळा पडदा पुष्कळदा काळा नसतोच. खोलीतला दिवा मालवून, मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरपी धरून पाहावे. खोल विहिरीतल्या पाण्यावर हलणाऱ्या प्रतिबिंबासारखी पासवर्डाची चौकट अंधुक दिसली, तर चित्र तयार होत आहे, फक्त पाठीमागचा प्रकाश लागलेला नाही. प्रथम प्रकाश वाढवण्याची कळ दाबून पाहावी. ती काम करीत नसेल, तर ग्रबच्या त्याच ओळीत प्रकाशनियंत्रणासाठी वेगळा निरोप देता येतो. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले पडदे बदलले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला हळहळ वाटली आहे. हजारो रुपयांच्या खर्चाच्या आधी बॅटरीच्या एका झोताने तपास करता आला असता.

हे सारे सांगितल्यावर स्थापनेपूर्वीच करण्याजोगी एक गोष्ट उरते, आणि ती मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. लिनक्सचा पेनड्राइव्ह डिस्कला हात न लावता चालतो. त्यावरून संगणक सुरू करून अर्धा तास तसाच वापरावा. पडद्याचे रेझोल्यूशन पाहावे, एखादा व्हिडिओ लावावा, लॅपटॉप मिटून उघडावा, प्रकाश कमी-जास्त करावा, पाचशे शब्दांचा मराठी मजकूर उघडून शिरोरेषा सलग दिसते का ते न्याहाळावे. येथे जे बिनसेल ते बसवल्यानंतरही बिनसण्याचा संभव आहे, आणि तोवर जुनी प्रणाली आपल्या जागी शाबूत असते.

ग्रंथालयातल्या दुसऱ्या संगणकाला मूळ केबल लावून तो पुन्हा सुरू केला तेव्हा १९२० गुणिले १०८० आपोआप निवडले गेले, आणि घड्याळाची तबकडी वाटोळी झाली. बाईंनी पुस्तकांची यादी उघडली, 'षोडशोपचार' या शब्दावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचला, आणि मग कपाटातली ती केबल मागून घेतली. ती फेकू नये, रंग तर जातात तिच्यातून, अडीअडचणीला उपयोगी पडेल, असे त्या म्हणाल्या. पुस्तकाच्या कण्यावर क्रमांक चिकटवतात त्या कागदाची एक पट्टी कापून त्यांनी तिच्यावर 'पिन १२ व १५ नाहीत' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले, सुतळीने ती केबलच्या टोकाला बांधली आणि केबल पुन्हा कपाटात ठेवून दिली.